.३०३ बंद, मग .३१५ चालते कशी? नव्या रायफलचा आराखडा कायद्यात नेमका कुठे अडतो?

'थ्री नॉट थ्री' हे नाव बंदुकीशी कधीच संबंध न आलेल्यांनाही माहीत असते. अनेक वर्षे पोलिसांच्या खांद्यावर दिसलेली ही रायफल. पण शस्त्र परवाना असलेल्या सर्वसामान्य नागरिकाला .३०३ बोअरची रायफल विकत घेता येत नाही. त्याला मिळते .३१५ बोअरची.

बोअर म्हणजे नळीच्या आतील पोकळीचा व्यास, इंचात मोजलेला. .३०३ म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर आणि .३१५ म्हणजे ८ मिलिमीटर. म्हणजे मोठ्या बोअरची रायफल चालते, लहान बोअरची चालत नाही! यामागचे कारण समजले की नवी रायफल तयार करणाऱ्यांपुढची सर्वांत मोठी अडचणही समजते.

हा नियम आला कुठून?

याचे मूळ ब्रिटिश काळात आहे. लष्कराची काडतुसे चोरीला गेली, तरी ती बाहेरच्या कोणत्याही बंदुकीत चालता कामा नयेत, असा सरकारचा हिशेब होता.

मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलचे बोअर .४५० होते आणि अशा अनेक रायफली लोकांच्या हाती पोहोचल्या होत्या. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारत आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी आली. वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी याच बोअरच्या रायफली विकणाऱ्या इंग्लंडमधील कंपन्यांची त्यामुळे कोंडी झाली. मग .४६५, .४७०, .४७५ अशी नवी बोअर बाजारात आली. आफ्रिकेतील शिकारीत पुढे प्रसिद्ध झालेल्या .४७० काडतुसाला या बंदीनेच मोठी बाजारपेठ मिळवून दिली.

.३०३ चेही तसेच. ते ब्रिटिश आणि नंतर भारतीय सेनेचे काडतूस. नागरिकांसाठी वेगळे काडतूस हवे, म्हणून .३१५ रूढ झाले. पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल फॅक्टरीत .३१५ ची रायफल तयार होते, तर तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येतात. काडतुसाच्या बुडावरचा 'केएफ' हा शिक्का खडकीचाच.

आजचा भारतीय कायदा काय पाहतो?

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या आधारे बंदुकांची वर्गवारी होते. बोलीभाषेत त्याला 'प्रोहिबिटेड बोअर' (पीबी) आणि 'नॉन प्रोहिबिटेड बोअर' (एनपीबी) म्हणतात. नाव बोअरचे असले तरी तपासणी फक्त बोअरची होत नाही.

पहिला प्रश्न : गोळी सुटते कशी? ट्रिगर दाबून धरल्यावर मॅगझीन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहिल्या, तर ते स्वयंचलित आणि निषिद्ध शस्त्र. एका दाबाला एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये भरली जाते, ती अर्धस्वयंचलित रायफल. तीही निषिद्ध गटातच येते. उरते बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावी लागणारी रायफल.

दुसरा प्रश्न : तिच्यात कोणते काडतूस बसते? बोल्ट अ‍ॅक्शन रायफलसुद्धा .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस घेऊन डागू शकत असेल, तर ती निषिद्ध. नियमाची भाषा इथे महत्त्वाची आहे. केवळ या दोन बोअरच्या नव्हे, तर 'हे काडतूस ज्यात चालू शकते' अशा कोणत्याही बोअरच्या रायफलला तो लागू होतो.

उदाहरणार्थ, .३०-०६ या काडतुसातील गोळीचा व्यास ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी गोळीइतकाच आहे. पण तिची पुंगळी ६३ मिलिमीटर लांब असते, तर लष्करी काडतुसाची ५१ मिलिमीटर. दोन्हींसाठी लागणारे चेंबर वेगळे. त्यामुळे .३०-०६ ची स्पोर्टिंग रायफल सरकारी कारखान्यांनीच नागरी बाजारासाठी बनवली.

अमेरिकेत नियम वेगळा का?

अमेरिकेत अर्धस्वयंचलित रायफल अनेक राज्यांत सहज विकत मिळते. तिथे घोडे अडते ते लांबीवर. १९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याचा रोख कपड्यांत लपवता येणाऱ्या शस्त्रांवर होता. आज तिथे रायफलची नळी १६ इंचांपेक्षा किंवा संपूर्ण रायफल २६ इंचांपेक्षा लहान असेल, तर ती 'आखूड नळीची रायफल' ठरते आणि सरकारदरबारी तिची नोंदणी करावी लागते. पिस्तुलाची नळी मात्र आखूड असली तरी चालते.

यातूनच एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. थॉम्पसन/सेंटर या कंपनीने १० इंची नळीच्या पिस्तुलासोबत खांद्याला टेकवायचा दस्ता आणि २१ इंची नळी असा संच विकायला काढला. पिस्तूल कायदेशीर, दस्ता आणि लांब नळी जोडून होणारी रायफलही कायदेशीर. पण दस्ता आणि आखूड नळी जोडली तर? सरकारच्या मते, असे जोडणे शक्य आहे एवढ्यावरूनच संच आखूड रायफल ठरत होता. कंपनीने २०० डॉलर कर भरला आणि तो परत मिळावा म्हणून दावा लावला. १९९२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कायद्याचे शब्द संदिग्ध असतील तर त्याचा फायदा नागरिकाला मिळावा, हे तत्त्व त्यात निर्णायक ठरले.

आराखडा करणाऱ्याला याचा फटका कसा बसतो?

कंपनी आपल्या रायफलला 'स्पोर्टिंग' म्हणते की आणखी काही, याला कायद्याच्या लेखी फारसे महत्त्व नाही. ती काय करू शकते, हे पाहिले जाते. त्यामुळे चेंबरचे माप, ट्रिगरची रचना आणि नळीची लांबी हे निर्णय कागदावरच पक्के करावे लागतात. रायफल तयार झाल्यावर चेंबर बदलायचे, तर नळी, बोल्ट, मॅगझीन असे सगळेच बदलावे लागू शकते.

भारतात तर एनपीबी बंदूक बनवण्यासाठीही परवाना लागतो. निषिद्ध शस्त्रासाठी केंद्र सरकारची खास परवानगी हवी. ती नसताना असे शस्त्र बनवले, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान १० वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. याच दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. म्हणजे नागरी बाजार मुळातच छोटा आणि त्यात रायफल निषिद्ध गटात गेली, तर तो जवळपास संपलाच.

म्हणूनच आजही ग्राहकाच्या हाती .३१५ येते. नेम, पल्ला किंवा ताकद यांपैकी कशामुळेही तिची निवड झालेली नाही. लष्कराचे काडतूस तिच्यात चालत नाही, हाच तिचा कायद्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण आहे.