वरळीच्या रिकाम्या खोल्या

मंदीत जागा घ्यावी आणि तेजीत विकावी, हा सल्ला मुंबईत चहाच्या टपरीवरही फुकट मिळतो. ऐकायला बिनतोड वाटतो. पण याच शहरात एकदा, बाजार बसलेला असताना, काँक्रीटच्या पक्क्या हजारो खोल्या भाडेकरूवाचून पडून होत्या. आणि काही वर्षांनी, मंदी आणखी खोल गेली असताना, तिथून तीन-चार मैलांवर बांधलेली घरे भराभर भरली. असे का झाले, याचा शोध घेण्यासारखा आहे.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा मुंबईत घरांचा दुष्काळ होता. 1918 मध्ये भाडेवाढीला आळा घालणारा कायदा करावा लागला. 1921च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात गेली आणि त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश माणसे एकेका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी 1920 मध्ये डेव्हलपमेंट खाते उघडले आणि कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधण्याचा बेत जाहीर केला. त्यासाठी कर्ज उभारले, शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला. सिमेंट, लोखंड, मजुरी, सगळ्यांचे भाव त्या वेळी चढलेले होते. म्हणजे खरेदी झाली ती ऐन तेजीत.

बेतातल्या खोल्यांपैकी सुमारे 16 हजारच बांधून झाल्या. एकूण 207 चाळी: वरळीत 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12. तळमजला आणि वर तीन मजले, मधून बोळ, दोन्ही अंगांना खोल्या, एका चाळीत 80. बीडीडी चाळी म्हणून आपण ओळखतो त्या याच. त्या उभ्या राहीपर्यंत कापडधंद्याची भरभराट ओसरली होती. 1925 मध्ये गिरणीमालकांनी साडेअकरा टक्के पगारकपात केली आणि संप झाला. 1928चा संप तर सहा महिने चालला. 1931च्या जनगणनेत शहराची वस्ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली.

सर्वांत जास्त खोल्या ओस पडल्या त्या वरळीत. गिरणगावात एका खोलीत आठ-दहा माणसे झोपत असताना इथे दारांना कुलपे! कामगार अडाणी, त्याला चांगल्या घराची किंमत नाही, असे म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. गिरणीजवळची अंधारी खोली सोडणे म्हणजे उधारी देणारा वाणी सोडणे, खानावळ सोडणे, काम लावून देणारा जॉबर आणि गाववाले सोडणे. पगाराची शाश्वती नसलेल्या माणसाला भिंतींपेक्षा ही माणसे जास्त उपयोगाची. तो हिशेब त्याने अचूक केला होता. डेव्हलपमेंट खात्याने खोल्या मोजल्या, पण त्यांत राहणाऱ्यांची मिळकत मोजली नाही. 1930च्या कायदेभंगात सरकारला तुरुंग अपुरे पडले, तेव्हा वरळीच्या चाळी सत्याग्रहींना कोंडायला वापरल्या गेल्या.

आता दादर-माटुंगा पाहा. 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने तिथली जमीन विसाव्या शतकाच्या आरंभीच हाती घेतली होती. रस्ते आखले, प्लॉट पाडले, पण बरीच वर्षे त्यांना फारसा उठाव नव्हता. तिथली खरी बांधकामे झाली ती 1930च्या दशकात, म्हणजे जागतिक मंदीत. सिमेंट कंपन्यांच्या आपसातल्या चढाओढीने भाव उतरले होते (त्यातूनच 1936 मध्ये एसीसी जन्मली), आणि गिरण्यांच्या शेअरवरून विश्वास उडालेला पैसा विटामातीकडे वळत होता. पण त्याहून महत्त्वाचा होता भाडेकरू. कचेरीतला कारकून, शिक्षक, रेल्वेतला नोकर यांच्या पगाराला कात्री लागली असेल, पण धान्य-कापड त्याहून जास्त स्वस्त झाले होते. महिन्याच्या महिन्याला हाती पैसा येत होता आणि त्यात थोडा उरत होता. त्याला स्वतंत्र संडास-मोरीचा ब्लॉक परवडू लागला. मरीन ड्राईव्हच्या इमारतीही याच दशकातल्या, फक्त तिथला भाडेकरू अधिक पैसेवाला.

या मालकांचे चातुर्य दहाएक वर्षे फळले. मग दुसरे महायुद्ध आले आणि भाड्यांवर पुन्हा नियंत्रण. 1947च्या कायद्याने भाडी साधारण सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधली. पुढे भाड्याच्या पैशात इमारतीची डागडुजीही निघेना. मंदीत स्वस्तात बांधलेल्या घराचा मालक भाडेकरूंपुढे हतबल झाला.

बीडीडी चाळी मात्र सरकारच्याच राहिल्या. कापसाच्या गाठींनी आणि करदात्यांनी तोटा सोसला, म्हणून त्या विकाव्या लागल्या नाहीत. खासगी सावकाराच्या कर्जावर बांधल्या असत्या तर 1930 उजाडण्याआधीच लिलाव झाला असता. भाडी कमी झाली, पोलीस आणि सरकारी नोकर राहायला आले, हळूहळू खोल्या भरल्या. आज तिथे तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. 2017 मध्ये पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले, आणि 160 चौरस फुटांच्या खोलीबदली 500 चौरस फुटांचे घर ठरले. 2025च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या रहिवाशांच्या हाती पडल्या.