पुनर्नवा

मधुमेह जुना झाला, पायांवर सूज दिसू लागली, की घरात ‘पुनर्नवा अर्क’ लिहिलेली बाटली येते. बहुधा कुणी जवळचंच माणूस ती मायेनं आणून देतं. त्या बाटलीवरचे शब्द मला थांबवतात.

पुनर्नवा म्हणजे पुन्हा नवी होणारी. उन्हाळ्यात तिचा जमिनीवर पसरलेला वेल वाळून जातो, जाड मूळ तेवढं मातीखाली तग धरतं आणि पाऊस पडला की त्यातून नवे फुटवे येतात. ‘वर्षाभू’ हेही तिचंच नाव. आपल्याकडे ती घेटुळी. पावसाळ्यात तिची भाजी करतात. ‘शोथघ्नी’, म्हणजे सूज घालवणारी, हे नाव मात्र रोग्याकडे पाहून ठेवलेलं आहे. शास्त्रीय नाव बोर्हाविया डिफ्यूजा. त्यात हेर्मान बूरहावे या डच वैद्याचं नाव गुंफलेलं आहे, आणि मूत्रातून युरिया प्रथम वेगळा काढण्याचं श्रेयही त्यांनाच देतात (१७२७). मूत्रपिंडं थकली की रक्तात आपण तोच युरिया मोजतो!

‘मधुमेहा’तला ‘मेह’ हा शब्द ‘मिह्’ धातूचा. शिंपणं, ओतणं, लघवी करणं हे त्याचे अर्थ. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्कांनी ‘मेघ’ही याच धातूवरून सांगितला आहे. ‘अर्क’ मात्र सूर्य किंवा रुई असा अर्थ असलेला संस्कृत शब्द नव्हे. तो अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. भट्टीवरच्या भांड्याला धरणारे थेंब पाहून सुचलेला.

मूत्रपिंडाचं जुनं नाव वृक्क. फारसीत जसा ‘वृक’चा, म्हणजे लांडग्याचा, ‘गुर्ग’ झाला, तसाच वृक्काचा सगोत्र शब्द ‘गुर्दा’. वैद्याचा वृक्क आणि मटणाच्या दुकानातला गुर्दा एकाच कुळातले. पण चरकसंहितेत वृक्क हे मेदोवह, म्हणजे मेद वाहणाऱ्या, स्रोतसांचं मूळ आहे. मूत्रवह स्रोतसांचं मूळ तिथे बस्ती (मूत्राशय) आणि वंक्षण (जांघा). म्हणून पुनर्नवेला ‘प्राचीन काळापासूनची मूत्रपिंडरक्षक’ म्हणणं मला मान्य नाही. जुन्यांनी सूज पाहिली आणि सुजेचंच नाव दिलं. ते प्रामाणिक होतं.

मधुमेहातल्या मूत्रपिंडांसाठी वनस्पतींच्या अर्कांवर संशोधन चालू आहे, ते चालायलाच हवं. पण त्यातले बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत, माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. ‘पुन्हा नवी’ हे मुळाचं वर्णन आहे. माणसाच्या मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या एकदा निकामी झाल्या की नव्यानं उगवत नाहीत. शिवाय या वनस्पतीत पोटॅशियमचे क्षार असतात, आणि थकलेल्या मूत्रपिंडांना पोटॅशियम बाहेर टाकणं जड जातं.

तेव्हा बाटली उघडण्याआधी ती तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आणि मधुमेह असेल तर सूज येण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्या.