एकच डोंगर, पाच वाटा

माझ्याकडच्या पाश्चात्य संगीताच्या संग्रहात एकच रचना पाच वेळा आहे. हे पाहून घरी आलेले एक स्नेही एकदा म्हणाले, "अहो, एकच चीज पाच-पाचदा विकत घ्यायची म्हणजे काय?" पाच गवयांचा यमन ऐकणाऱ्याला आपण असे विचारीत नाही. पण पाश्चात्य वाद्यसंगीत सगळे आधीच कागदावर लिहिलेले असते. वादकाने त्यातला एक स्वरही पदरचा घालायचा नसतो. मग दुसरी तबकडी पहिलीहून निराळी ती काय असणार? स्नेह्यांची शंका रास्त होती. तिचे उत्तर मी त्या दिवशी नीट देऊ शकलो नाही, म्हणून आज देतो.

ती रचना म्हणजे रिचर्ड स्ट्राउस याची 'आल्पाइन सिंफनी'. वॉल्ट्‌झ नृत्यांचा तो प्रसिद्ध व्हिएन्नावाला योहान स्ट्राउस वेगळा. या दोघांचे नातेगोते काही नाही. आपला स्ट्राउस 1864 साली म्युनिकला जन्मला. पंधरा वर्षांचा असताना, 1879 च्या ऑगस्टात, तो काही मंडळींबरोबर हाइमगार्टन नावाचा सुमारे 1790 मीटर उंचीचा डोंगर चढला. चढाई झाली, पण उतरताना वाट चुकली, वादळाने गाठले, आणि सगळे ओलेचिंब होऊन कसेबसे खाली आले. पोराला त्याचे दुःख नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने ती सारी सफर पियानोवर वाजवून दाखविली आणि तसे आपल्या मित्राला पत्राने कळविले.

ती सफर कागदावर उतरायला मात्र पस्तीस वर्षे लागली. 1908 पासून स्ट्राउस गार्मिश येथे आल्प्सच्या पायथ्याशी राहू लागला. 1911 च्या मे महिन्यात त्याचा समकालीन माहलर वारला, आणि त्या धक्क्यानंतर त्याने जुनी टिपणे पुन्हा हाती घेतली. रचना 1915 च्या फेब्रुवारीत पुरी झाली. त्याच वर्षी 28 ऑक्टोबरला, पहिले महायुद्ध चालू असताना, ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदाने ती बर्लिनमध्ये प्रथम वाजविली. संचालक स्वतः स्ट्राउस. रचना अर्पण केलेलीही याच वाद्यवृंदाला.

काय आहे या स्वरकाव्यात? एका दिवसाची डोंगरयात्रा. रात्रीपासून रात्रीपर्यंत बावीस टप्पे, मध्ये कोठे खंड नाही. आरंभी एक सप्तक हळूहळू खाली उतरते, आणि उतरताना प्रत्येक स्वर धरून ठेवलेला असतो. त्यामुळे अंधार दाटून आल्यासारखा वाटतो. मग सूर्योदय, रान, ओढा, धबधबा, कुरणात चरणाऱ्या गुरांच्या घंटा, चुकलेली वाट, हिमनदी, शिखर. त्यानंतर धुके, वादळ, घाईघाईची उतरण, सूर्यास्त, आणि पुन्हा तोच अंधार. वादक शंभराहून कितीतरी अधिक. त्यांत ऑर्गन, वाऱ्याचे यंत्र आणि मेघगर्जनेचे यंत्र. शिवाय पडद्याआड शिकारीचा भास देणारे बारा हॉर्न.

आता हा सगळा संसार तबकडीवर उतरवायचा. तो पहिल्याने उतरविला ऑस्कर फ्रीड याने, 1925 च्या सुमारास, बर्लिनच्या सरकारी ऑपेराच्या वाद्यवृंदाकडून. तेव्हा मायक्रोफोन नुकताच येऊ घातला होता. फ्रीडचे काम जुन्याच पद्धतीचे, म्हणजे कर्ण्याचे. वादकांनी एका भल्यामोठ्या कर्ण्यापुढे दाटीवाटीने बसायचे, आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणात रेघ ओढायची. खर्जाची तंतुवाद्ये या कर्ण्यात नीट उतरत नसत, म्हणून या पद्धतीत त्यांचे काम पुष्कळदा पितळी ट्यूबाकडे सोपवीत. एका बाजूवर चार-साडेचार मिनिटे मावत. डोंगर चढताना दर चार मिनिटांनी तबकडी उलटायची! आज ती ऐकताना सूर्योदय डब्यात झाल्यासारखा वाटतो. पण फ्रीडच्या चालण्यात जी निकड आहे, ती पुढच्या कोणाजवळ मला आढळली नाही. आपल्या यंत्रात काय मावत नाही हे या माणसाला ठाऊक होते, आणि तरी तो निघाला होता.

फ्रीड ज्यू होता. 1934 साली त्याने जर्मनी सोडली आणि रशियाची वाट धरली. 1941 साली तो मॉस्कोत वारला.

आणि त्याच 1941 साली म्युनिकमध्ये दुसरी मुद्रिका झाली, ती खुद्द स्ट्राउसच्या हातची. वय सत्त्याहत्तर. वाद्यवृंद बव्हेरियाच्या सरकारी ऑपेराचा, म्हणजे ज्यात त्याच्या वडिलांनी जन्मभर हॉर्न वाजविला तोच. म्हातारा पंचेचाळीस मिनिटांच्या आसपास सगळा डोंगर चढून उतरतो. शिखरावर तो रेंगाळत नाही. वर पोचल्यावर ओबो हे वाद्य अडखळत, जणू भीत भीत चार स्वर बोलते; दुसरे संचालक तेथे वेळ थांबवून धरतात, स्ट्राउस मात्र त्याला बोलू देतो आणि पुढे निघतो. वादळातही त्याची नाडी वाढत नाही.

ही तबकडी मी निर्वेध मनाने ऐकू शकत नाही, हे कबूल केले पाहिजे. 1933 साली नाझी राजवटीने स्ट्राउसला आपल्या संगीतमंडळाचा अध्यक्ष केले आणि त्याने ते पद घेतले. 1935 साली श्टेफान झ्वाइग या ज्यू लेखकाला त्याने लिहिलेले पत्र पोलिसांच्या हाती लागले, तेव्हा पद गेले. त्याची सून ज्यू होती, म्हणून नातवंडांच्या जिवाचा घोर होता, हे खरे. पण ज्याने ही रचना पहिल्याने मुद्रित केली तो परागंदा होऊन मरतो आणि ज्याने ती लिहिली तो घरी राहून ती पुन्हा मुद्रित करतो, हेही खरेच. दोन वर्षांनी, 1943 च्या ऑक्टोबरात, म्युनिकचे ते ऑपेरागृह बॉम्बहल्ल्यात जळाले. त्या रुक्ष, न रेंगाळणाऱ्या चालीत मी कधी शहाणपण ऐकतो, कधी नजर चुकविणे. कोणते खरे, याचा निवाडा तबकडी करीत नाही.

तिसरी वाट रुडॉल्फ केंपे याची. ड्रेस्डेनजवळ 1910 साली जन्मलेला हा संचालक. मुद्रिका 1971 सालची, वाद्यवृंद ड्रेस्डेनचा, म्हणजे रचना ज्याला अर्पण केली तोच. मध्यंतरी 1945 च्या फेब्रुवारीत ते शहर आगीत गेले होते. ऑपेरागृह अजून उभे राहिले नव्हते. ते 1985 साली पुन्हा उघडले. मुद्रण झाले ल्यूकास चर्चमध्ये. केंपे संचालक होण्यापूर्वी लाइपझिगच्या वाद्यवृंदात ओबो वाजवीत असे. शिखरावरचे ते चार स्वर त्याच्या मुद्रिकेत ऐका: वादकाला श्वास घ्यायला जागा आहे, पण कौतुक करून घ्यायला नाही. कसलाही बडेजाव नाही. उतरणीनंतरचा संधिप्रकाश, जेथे ऑर्गन हलकेच पाठीशी येतो, तेथे तर हे वादक स्वतःच्याच घराची गोष्ट सांगताहेत असे वाटते.

चौथी वाट आपल्या मुंबईहून निघते. झुबिन मेहता 1936 साली मुंबईत जन्मले. वडील मेहली मेहता यांनी मुंबईत पाश्चात्य संगीताचा वाद्यवृंद उभा केला होता. मुलाच्या कानावर या संगीताचे संस्कार झाले ते घरातच. 1954 साली ते व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकले. हे गुरुजी स्ट्राउसच्या परिचयातले. 1962 पासून मेहता लॉस एंजलिसच्या वाद्यवृंदाचे संचालक होते, आणि 1975 साली त्यांनी तेथे ही रचना मुद्रित केली. या तबकडीत ऊन आहे. सूर्योदय झाला की खोली भरून जाते. धबधब्याचे तुषार मोजावेत. उमेदीतल्या माणसाचा हा डोंगर. चाळिशीही न उलटलेल्या संचालकाला वर जाण्याची जेवढी हौस आहे, तेवढी खाली येण्याची नाही, एवढेच माझे म्हणणे.

पाचवी हर्बर्ट फॉन कारायान याची, बर्लिन फिलहार्मोनिक, 1980. हे मुद्रण डिजिटल. कॉम्पॅक्ट डिस्क निघाली तेव्हा चाचणीच्या आरंभीच्या तबकड्यांत हीच रचना होती. बाजू उलटण्याची कटकट मिटली. फ्रीडचे स्वप्न पुरे झाले म्हणायचे. कारायानचे वादळ अंगावर येते. डोंगराला त्याला एक्कावन्न मिनिटांच्या आसपास लागतात, स्ट्राउसपेक्षा सहा मिनिटे अधिक, आणि त्यांतली बरीचशी तो दृश्य न्याहाळण्यात घालवितो. आवाज मात्र मला थोडा काचेसारखा कडक लागतो. सगळे दिसते, पण गारवा लागत नाही.

तेव्हा स्नेह्यांना उत्तर असे: स्वर कागदावर असतात, पण चालायचे किती वेगाने, थांबायचे कोठे आणि उतरताना मागे वळून पाहायचे की नाही, हे चालणाराच ठरवितो; आणि चालणारा आपला काळ खांद्यावर घेऊन चालतो. मुद्रणाची कला 1925 पासून चढतच गेली, पण ही रचना काही शिखरावर संपत नाही. अर्ध्याच्या पुढे ती उतरणीची आहे. म्हणून एकच तबकडी ठेवायची झाली तर मी केंपेची ठेवीन. मात्र फ्रीडची टाकवणार नाही.

त्या स्नेह्यांना मी मग स्ट्राउस आणि केंपे यांच्यातला फक्त शिखरावरचा ओबो ऐकविला. ते म्हणाले, "पहिल्याला घरी जायची घाई आहे. दुसरा जरा दमलाय." संगीताचे शिक्षण नसलेल्या माणसाने इतके ओळखले, तर आपणही ओळखाल. दिवाळीत एखाद्या रात्री फटाके थांबले आणि मुले झोपली, की कोणत्याही दोन मुद्रिका घेऊन तेवढा तुकडा ऐकून पाहा.