बांदा : गोव्याच्या वेशीवरचे बाजारगाव

तेरेखोल नदीच्या काठचे बांदा हे सिंधुदुर्ग जिल्ह्याचे गोव्याकडचे शेवटचे मोठे बाजारगाव. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणारे प्रवासी त्याला बहुधा तपासणी नाक्यावरच्या खोळंब्यापुरतेच ओळखतात. गाव मात्र नाक्यापेक्षा कितीतरी जुने आहे.

आदिलशाहीत त्याला आदिलाबाद म्हणत. समुद्रातून गलबते खाडीमार्गे आत येत आणि घाटावरून उतरलेला माल इथे त्यांत चढे. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने किनाऱ्यावरच्या व्यापारी ठिकाणांत बांद्याची नोंद केली आहे. रेडे घुमट ही जुनी वास्तू त्या वैभवाची आजही दिसणारी खूण. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, समुद्रावर परवान्याची सक्ती आणली आणि आसपासचा व्यापार गोव्याकडे वळवला. बांद्याचे बंदर म्हणून महत्त्व ओसरत गेले.

सीमा गावाच्या दाराशी आली ती अठराव्या शतकात. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून तेरेखोलचा किल्ला जिंकला. तो नदीच्या उत्तर तीरावर असल्याने गोव्याचा एक तुकडा आजही नदीच्या अलीकडे आहे. १७८८ मध्ये बांद्याला लागून असलेले पेडणे कायमचे पोर्तुगीजांकडे गेले. देवस्थाने, सोयरिकी आणि बोली दोन्हीकडे सारख्याच राहिल्या, फक्त राज्ये वेगळी झाली. अडचणीत सापडलेल्याला ही रेषा उपयोगीही पडे : १८४४-४५ च्या सावंतवाडीच्या उठावातील पुढाऱ्यांनी गोव्यातच आसरा घेतला.

स्वातंत्र्यानंतर सावंतवाडी संस्थान भारतात विलीन झाले आणि बांद्याची वेस ही भारत व पोर्तुगाल यांच्यामधली सरहद्द ठरली. मुंबई राज्यात दारूबंदी आणि पलीकडे दारू खुली, त्यात परदेशी घड्याळे व सोने यांचे आकर्षण. त्यामुळे रानवाटांनी चोरटी ने-आण चाले. पण या काळाची खरी आठवण आहे ती गोवामुक्तीसाठी आलेल्या सत्याग्रहींची. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या अनेक प्रांतांतून आलेल्या सत्याग्रहींनी ठिकठिकाणी गोव्याची हद्द ओलांडली. बांद्यालगतच्या पत्रादेवीला तिरंगा घेऊन गेलेल्या निःशस्त्र तुकडीवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय झेंडा हाती असताना जखमी झाल्या, तर पंजाबच्या कर्नैलसिंग यांना तिथेच हौतात्म्य आले. इतक्या दुरून आलेली ही माणसे कोकणातल्या एका लहानशा वेशीवर गोव्यासाठी उभी राहिली, ही या गावाच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट. पत्रादेवीला त्यांचे हुतात्मा स्मारक आहे. त्यानंतर भारत सरकारने सरहद्द बंद केली आणि नाकेबंदी कडक झाली. दोन्हीकडे नातीगोती असलेल्या कुटुंबांची सहा वर्षे त्यात ताटातूट झाली. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याची एक आघाडी जवळच्या दोडामार्गाहून गोव्यात शिरली आणि पोर्तुगीज सत्ता संपली.

सरहद्द गेली, नाका राहिला. गोव्यात कर कमी म्हणून दारू स्वस्त, त्यामुळे राज्य उत्पादन शुल्क खात्याचा बांद्याजवळचा इन्सुली नाका कायम जागा असतो. ट्रकवरची ताडपत्री उचलायची, गोणी बाजूला सारायच्या, हौद्याच्या तळाशी चोरकप्पा आहे का हे ठोकून पाहायचे, अशी ही तपासणी. फक्त गोव्यात विक्रीसाठी असे छापलेली बाटली सापडली की जप्ती आणि गुन्हा. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर विक्रीकराचे अडथळे उठले, दारूची झडती मात्र चालूच आहे.

ज्या नदीने बाजार वसवला तीच तो बुडवतेही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बाजारपेठेत पाणी भरून दुकानांतला माल वाया गेला.

इथल्या माणसांना गोवा परका वाटत नाही. सावंतवाडी-दोडामार्ग भागातली तरुण मुले रोज पलीकडे नोकरीला जातात, गंभीर दुखण्याचा रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात नेला जातो. २०२० च्या टाळेबंदीत हद्द पुन्हा बंद झाली तेव्हा हे सगळेच अडले. जानेवारी २०२३ मध्ये पेडणे तालुक्यातल्या मोपा येथील विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, आणि गोव्यात उतरून बांद्यावरून सिंधुदुर्गात येणारा एक नवा प्रवासी या रस्त्यावर दिसू लागला.