तलावातली बोट का उलटते? खिंडसीला जाण्याआधी हे वाचा

कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घेऊन नागपूरमार्गे रामटेक गाठलं की बोटिंगसाठी खिंडसी तलाव आहे. सूर नदीवर ब्रिटिश काळात बांध घालून केलेला हा जलाशय, भोवती टेकड्या. फेरी छोटीच, म्हणून लोक बेफिकीर असतात.

9 जुलै 2017 ला नागपूरजवळच्याच वेणा जलाशयात नाव उलटून 8 तरुण बुडाले. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती.

शांत पाण्यात बोट उलटते ती वजनाने. गच्च भरलेल्या बोटीची कड पाण्याच्या जेमतेम वर असते. सेल्फीसाठी चार जण एका बाजूला सरकले की ती कलते, पाणी आत शिरतं आणि ते पाणीही त्याच बाजूला धावतं. कुणी उभं असेल तर तोल आणखी लवकर जातो.

लाइफ जॅकेट मांडीवर ठेवून उपयोग नाही. बकल लावा, पट्टे आवळा, मग खांद्याशी धरून वर ओढा. कानापर्यंत आलं तर सैल आहे. मोठ्यांच्या जॅकेटमधून लहान मूल खाली निसटतं. मुलाच्या मापाचं मागा, नसेल तर त्या बोटीत बसू नका.