पेनिसिलिनचे पंचवीस पौंड

सप्टेंबर १९३९. महायुद्ध नुकतेच पेटले होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील हॉवर्ड फ्लोरी यांनी पेनिसिलिनवरील संशोधनासाठी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे अनुदान मागितले. हाती आले अवघे २५ पौंड. मग अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशनकडे अर्ज गेला. त्या संस्थेचा ओढा मूलभूत जीवरसायनशास्त्राकडे, म्हणून अर्जात रोगनिवारणापेक्षा बुरशीतील द्रव्याच्या रासायनिक अभ्यासावर भर होता. (ही लबाडी नव्हे, सहकारी अर्न्स्ट चेन यांचे कुतूहल खरोखरच तेवढे होते.) वर्षाला सुमारे ५,००० डॉलर मंजूर झाले. तरीही बुरशी वाढवण्यासाठी रुग्णालयातील बेडपॅन वापरावे लागले.

२५ मे १९४० रोजी आठ उंदरांना घातक जंतू टोचले गेले. दुसऱ्या सकाळी पेनिसिलिन मिळालेले चार जिवंत होते. उरलेले चार रात्रीतच मेले होते.