‘द फ्युरी’: पडद्यावरची अतींद्रिय शक्ती आणि बंद खोलीतला प्रयोग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना जे पुढेमागे झालं होतं, ते इथे जरा नीट लावून घेतलंय. आणि आधीच सांगून ठेवतो, स्पॉयलर आहेत. पिक्चर १९७८ चा आहे, त्यामुळे तक्रार चालणार नाही!

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. एक मुलगी, तिच्या डोक्यात विलक्षण शक्ती, एक सरकारी लॅब आणि त्या शक्तीचं शस्त्र करायला निघालेली थंड डोक्याची माणसं. आपल्याला ही गोष्ट २०१६ ची वाटते. पण हीच मांडणी त्याच्या ३८ वर्षं आधी एका पिक्चरमध्ये येऊन गेली होती. त्याचं नाव ‘द फ्युरी’. दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा, मूळ कादंबरी जॉन फॅरिसची, संगीत जॉन विल्यम्सचं. म्हणजे ‘स्टार वॉर्स’ आणि ‘सुपरमॅन’ यांच्या मधल्या काळात विल्यम्सने हे काम केलं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. पीटर सँडझा (कर्क डग्लस) एका गुप्त सरकारी संस्थेत काम करतो. त्याचा मुलगा रॉबिन याच्याकडे अतींद्रिय शक्ती आहे. मध्यपूर्वेतल्या एका समुद्रकिनाऱ्यावर अचानक दहशतवादी हल्ला होतो आणि रॉबिनला वाटतं, बाबा गेले. प्रत्यक्षात तो हल्लाच बनावट असतो. पीटरचाच सहकारी चिल्ड्रेस (जॉन कॅसाव्हेटिस) याने तो घडवून आणलेला असतो, कारण त्याला पोरगा हवा असतो. इकडे शिकागोत गिलियन नावाची शाळकरी मुलगी (एमी अर्व्हिंग) आहे. तिला दुसऱ्यांचा भूतकाळ दिसतो आणि तिचा ताबा सुटला की समोरच्याला रक्तस्राव सुरू होतो. तिला ‘पॅरागॉन इन्स्टिट्यूट’ नावाच्या संशोधन संस्थेत आणतात. तिथले लोक प्रेमळ आहेत, डॉक्टर आहेत, मशिनं आहेत. पण त्या संस्थेची एक तार थेट चिल्ड्रेसपर्यंत गेलेली आहे.

पिक्चर थोडा विस्कळीत आहे, हे मान्य. पण मी तो दुसऱ्यांदा बघितला तो एका वेगळ्याच कारणासाठी. हा पिक्चर थिएटरमध्ये लागला होता, तेव्हा अमेरिकेचं सरकार खरोखरच पैसे देऊन असे प्रयोग करून घेत होतं. प्रेक्षक पॉपकॉर्न खात जी कल्पना बघत होते, तिची फाईल सरकारी कपाटात होती.

आता त्या फाईलकडे वळू. १९७० च्या आसपास शीतयुद्ध जोरात होतं. सोव्हिएत युनियनमध्ये नीना कुलागिना नावाची बाई हात न लावता काड्यापेटीतल्या काड्या हलवते, अशा फिल्म्स फिरत होत्या. रशियन लोक मनाच्या शक्तीवर संशोधन करतायत असं सांगणारं एक पुस्तक १९७० मध्ये आलं आणि गाजलं. मग अमेरिकेत तोच जुना हिशोब सुरू झाला: ते करत असतील, तर आपण मागे का राहायचं? १९७२ मध्ये सीआयएने कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या प्रयोगांना पैसा द्यायला सुरुवात केली. प्रयोग करणारे दोघे, रसेल टार्ग आणि हॅरल्ड पुटहॉफ, हे लेझरवर काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ. म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हते.

त्यांच्या मुख्य प्रयोगाचं नाव ‘रिमोट व्ह्यूइंग’, म्हणजे लांबचं मनाने बघणं. पद्धत साधी होती. एक माणूस गाडी काढून आसपासच्या एखाद्या ठिकाणी जायचा. पूल, टॉवर, पोहण्याचा तलाव, काहीही. त्याच वेळी दुसरा माणूस लॅबमध्ये बसून तो कुठे असेल याचं वर्णन करायचा, चित्र काढायचा. असे बरेच प्रयोग झाले की सगळ्या बोलण्याचे टाइप केलेले कागद आणि ठिकाणांची यादी एका परीक्षकाकडे जायची. त्याने प्रत्येक ठिकाणी जाऊन ठरवायचं, कोणतं वर्णन कुठल्या जागेशी जुळतं. जोड्या जुळल्या तर शक्ती खरी. पॅट प्राइस नावाच्या माणसाच्या ९ पैकी ७ जोड्या जुळल्या. १९७४ मध्ये ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने या दोघांचा लेख छापला. सोबत संपादकांनी आपल्या शंकाही छापल्या, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते ‘नेचर’चं नाव.

आता १९७८ वर या. मार्चमध्ये ‘द फ्युरी’ आला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच ‘नेचर’मध्ये न्यूझीलंडच्या दोन मानसशास्त्रज्ञांचा, डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन यांचा लेख आला. त्यांनी काय केलं? त्यांनी ते टाइप केलेले कागद नीट वाचले. बस, एवढंच. त्यांना दिसलं की बोलण्यात मधूनच ‘कालची दोन ठिकाणं’ अशा अर्थाचे उल्लेख येतात. म्हणजे हा कितव्या क्रमांकाचा प्रयोग आहे ते कागदावरूनच कळतं. आणि परीक्षकाला मिळालेली यादीही प्रयोग ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने होती. मग जोड्या जुळवायला अतींद्रिय शक्ती कशाला हवी? ठिकाणं न बघता, घरबसल्या, नुसत्या या खुणांवरून जोड्या लावता येत होत्या.

हे वाचताना मला घाम फुटला होता, आणि त्याचं कारण वैयक्तिक आहे. पहिल्या नोकरीत मी एक मॉडेल बनवलं होतं. कोणता ग्राहक सेवा बंद करणार, हे आधीच ओळखायचं. माझं मॉडेल जवळपास कधीच चुकत नव्हतं. मी डेमो दिला, टाळ्या झाल्या, रात्री घरी फोन करून सांगितलंसुद्धा. आठवड्याने एका सीनियर ताईने शांतपणे विचारलं, “अरे, हा कॉलम कधी भरला जातो?” तो कॉलम ग्राहक सोडून गेल्यानंतर भरला जायचा. म्हणजे उत्तरच मी प्रश्नात घालून ठेवलं होतं. आमच्या धंद्यात याला डेटा लीकेज म्हणतात. मी कुणाला फसवायला निघालो नव्हतो. मला ते मॉडेल चालायला हवं होतं, म्हणून मी शोधलं नाही, इतकंच. टार्ग आणि पुटहॉफ यांच्याकडे बघताना मला लबाड माणसं दिसत नाहीत. मला तो डेमो देणारा मी दिसतो.

फरक एकच. मला ती ताई भेटली, कारण माझा कोड तिला उघडून बघता येत होता.

‘नेचर’मधला वाद पुढे चालू राहिला. चार्ल्स टार्ट या मानसशास्त्रज्ञाने खुणा काढून टाकून पुन्हा तपासलं आणि निकाल टिकतो असं सांगितलं. १९८६ मध्ये मार्क्स आणि ख्रिस्तोफर स्कॉट यांनी दाखवलं की खुणा तरीही शिल्लक राहिल्या होत्या. हे सगळं छापील वादात, उजेडात चाललं होतं. पण सरकारी कार्यक्रम अंधारात होता. मेरीलँडमधल्या फोर्ट मीड या लष्करी तळावर माणसं खोलीत बसून सोव्हिएत तळांची चित्रं काढत होती. कार्यक्रमाची नावं बदलत गेली: ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक आणि शेवटी स्टार गेट. एखादा अंदाज लागला की तो तोंडातोंडी फिरायचा. १९७४ मध्ये प्राइसने सेमीपलातिन्स्कच्या तळावरची एक मोठी क्रेन बरीचशी बरोबर रेखाटली, ती गोष्ट आजही सांगतात. त्याच वर्णनातलं बाकीचं बरंच चुकलं होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

याच काळात लॅब आणि पोरं हा ‘द फ्युरी’चा मसाला एका विद्यापीठात खराखुरा घडला, आणि तो माझा सगळ्यात आवडता भाग आहे. १९७९ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाला विमानांच्या कारखान्याचे मालक जेम्स मॅकडोनेल यांच्याकडून मानसिक शक्तींच्या संशोधनासाठी ५ लाख डॉलर मिळाले. दोन पोरं पुढे आली, स्टीव्ह शॉ आणि मायकेल एडवर्ड्स, विशीच्याही आतली. ती चमचे वाकवायची, बंद पाकिटातलं ओळखायची. संशोधक खूश! प्रत्यक्षात दोघंही हौशी जादूगार होते आणि त्यांना पाठवलं होतं जादूगार जेम्स रँडी यांनी. चमच्यांना दोऱ्याने बांधलेली लेबलं पोरं गुपचूप अदलाबदल करायची, मग मोजमाप आपोआप बदललेलं दिसायचं. रँडींनी लॅबला आधीच पत्र लिहून काय काय काळजी घ्या ते कळवलं होतं. आणि पोरांना ताकीद होती: कुणी सरळ विचारलं की तुम्ही हातचलाखी करता का, तर लगेच खरं सांगायचं. ते कुणी विचारलंच नाही. १९८३ मध्ये रँडींनी सगळं जाहीर केलं.

‘द फ्युरी’त मोठी माणसं पोरांचा वापर करतात. इथे दोन पोरांनी मोठ्यांना दाखवून दिलं की आपल्याला हवं तेच आपण बघतो.

अखेर १९९५ मध्ये सीआयएने स्टार गेटचं बाहेरून मूल्यमापन करून घेतलं. दोन तज्ज्ञ होते. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स म्हणाल्या की प्रयोगांच्या आकड्यांत काहीतरी खरं आहे. मानसशास्त्रज्ञ रे हायमन म्हणाले, तेवढ्यावर शक्ती सिद्ध होत नाही. हायमन तरुणपणी स्वतः हात बघायचे आणि त्यावर त्यांचा विश्वासही होता. एकदा त्यांनी मुद्दाम रेषा सांगतात त्याच्या उलट भविष्य सांगितलं, तर लोक म्हणाले, अगदी बरोबर! तो धडा ते विसरले नव्हते. आकड्यांवर दोघांचं एकमत झालं नाही, पण अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता: एवढ्या वर्षांत हेरगिरीच्या प्रत्यक्ष कारवाईला उपयोगी पडेल अशी माहिती या कार्यक्रमातून कधीच मिळाली नाही. २३ वर्षं आणि सुमारे २ कोटी डॉलर. कार्यक्रम बंद झाला.

आता विचार करा, हेच उघड्यावर केलं तर किती वेळ लागतो? एक उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. विषय अतींद्रिय शक्तीचा नाही, ज्योतिषाचा आहे, पण तपासायची रीत तीच. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी जाहीर आवाहन केलं. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आले असते. पद्धत, आकडे, निकाल, सगळं छापून मोकळे. ज्याला खोट काढायची त्याने काढावी.

परत पिक्चरकडे येतो. त्यातला एक सीन मला फार आवडतो. गिलियनच्या डोक्याला तारा लावतात आणि मेंदूच्या लहरींवर टेबलावरची खेळण्यातली आगगाडी चालते. यात चमत्कार नाही. मेंदूच्या लहरी मोजून खेळणं चालवणं आज खरंच जमतं, कुणीही तपासून बघू शकतं. आणि शेवटी गिलियन नुसत्या नजरेने चिल्ड्रेसच्या अक्षरशः चिंधड्या उडवते. डी पाल्मा तो क्षण वेगवेगळ्या अँगलने पुन्हा पुन्हा दाखवतो. थिएटरमध्ये लोकांना तेव्हा बरं वाटलं असणार, कारण त्या बंद खोलीतल्या माणसाला जाब विचारणारं कुणीतरी भेटलं.

खऱ्या आयुष्यात असा स्फोट होत नाही. तिथे कुणीतरी चिकाटीने कागद वाचावे लागतात आणि विचारावं लागतं, “अरे, हा कॉलम कधी भरला जातो?” मला तो प्रश्न वेळेत विचारणारी ताई मिळाली. तुमच्या कामात असं कुणी असेल, तर त्यांना आज एक चहा पाजा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ‘द फ्युरी’ बघा, पण जेवताना नको!